सर्व्हर दिसेना? आधी विचारा, किती जणांना

महिन्याची २० तारीख म्हणजे मासिक जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. त्या दुपारी ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या करसल्लागाराकडे जा नाहीतर दाल बाजारातल्या पेढीवर, कुठल्या ना कुठल्या टेबलावरून हाक येतेच: ‘‘भैया, सर्वर नहीं ले रहा!’’ मग कोणीतरी उठतं, राउटरचा प्लग उपटतं, थोडं थांबून परत लावतं. तेवढ्याने भागलं नाही तर सर्व्हरचंच बटण दाबून धरलं जातं. बऱ्याचदा सगळं सुरूही होतं. पण का बंद पडलं होतं हे कोणालाच कळलेलं नसतं. म्हणून ते पुन्हा बंद पडतं, बहुधा अशाच घाईच्या दिवशी.

माझं सांगणं एवढंच, की प्लगला हात लावण्याआधी पाच मिनिटं पाहणी करा. रीस्टार्टने दोष जाईलच असं नाही, दोषाचा माग मात्र नक्की पुसला जातो. पडद्यावरचा संदेश, स्विचवरचे दिवे, संगणकाला त्या क्षणी मिळालेला पत्ता, सगळं नाहीसं होतं. शिवाय टॅलीत किंवा एसक्यूएलवर चालणाऱ्या प्रणालीत कोणी नोंद करत असताना सर्व्हरची वीज तोडली, तर डेटा फाइल बिघडण्याचा धोका असतो. जोडणी तासाभरात परत येईल. बिघडलेला हिशेब निस्तरायला आठवडा जाईल.

ग्वाल्हेर हे जुनं दफ्तरांचं शहर. महालेखाकार, राजस्व मंडळ, आबकारी आयुक्त, परिवहन आयुक्त अशी मोठी कार्यालयं इथे आहेत आणि त्यांच्याकडे संगणकाची माणसंही आहेत. हा लेख त्यांच्यासाठी नाही. पाच ते पंचवीस संगणक, कोपऱ्यात एक सर्व्हर आणि फोन केल्यावर सवडीने येणारा एक तंत्रज्ञ, एवढ्यावर ज्यांचा कारभार चालतो त्या सनदी लेखापालांसाठी, पॅथॉलॉजी लॅबसाठी, शाळांच्या कार्यालयांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी तो आहे. खाली येणारे आदेश विंडोजमधले आहेत. ते संगणकावर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे.

आधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: किती जणांना? एकाच संगणकाला सर्व्हर दिसत नसेल तर दोष त्या संगणकात, त्याच्या तारेत किंवा त्याच्या खात्यात शोधायचा. सर्व्हरला हात लावायचं काहीच कारण नाही. एका खोलीतले सगळे अडले असतील तर त्या खोलीतला स्विच किंवा तिकडे जाणारी मुख्य तार. सगळ्या कार्यालयाचं काम थांबलं असेल तरच सर्व्हर आणि मुख्य स्विचकडे वळायचं. या एका प्रश्नाने निम्मी शोधाशोध वाचते, आणि नेमका हाच प्रश्न घाईत विचारायचा राहतो. माझ्या पाहण्यातल्या एका लॅबमध्ये पावती काउंटरचे दोन्ही संगणक दिवसातून दोन-तीनदा तुटायचे, आतल्या रिपोर्टच्या खोलीत मात्र काम सुरळीत चालायचं. सगळे सॉफ्टवेअर कंपनीला बोल लावत होते. काउंटरखालच्या छोट्या स्विचचा ॲडॅप्टर कूलरच्याच बोर्डात लावलेला होता. कूलर सुरू झाला की वीज क्षणभर खाली जायची आणि स्विच नव्याने चालू व्हायचा. ‘किती जणांना’ हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर सर्व्हर दोनदा फॉरमॅट करावा लागला नसता.

दुसरा प्रश्न: त्याच संगणकावर इंटरनेट चालतं का? चालत असेल तर तार किंवा वाय-फाय राउटरपर्यंत धड आहे. दोष पत्ता, फायरवॉल, खातं किंवा खुद्द सर्व्हर यांपैकी कशाततरी आहे. एक शक्यता मात्र इथेच तपासून घ्या. तो लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वाय-फायला तर जोडला गेलेला नाही ना? गेस्ट जाळ्यावरून इंटरनेट मिळतं, पण आतले संगणक मुद्दाम दिसू दिले जात नाहीत. काही राउटरमध्ये हीच अटकाव करणारी सोय ‘एपी आयसोलेशन’ या नावाने असते.

तिसरा प्रश्न: कालपासून काय बदललं? नवा राउटर आला, टेबलं हलवली, कॅमेरे बसवले, विंडोजचं अपडेट झालं, कोणी पासवर्ड बदलला? ‘काहीच नाही’ असं उत्तर येईल. पुन्हा विचारा, आणि या वेळी सफाई करणाऱ्या माणसालाही विचारा. जमिनीवर लोंबणारी सुटी तार दिसली म्हणून त्याने ती स्विचच्या रिकाम्या जागेत खोचून ठेवलेली असते. त्या तारेचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये असेल तर फेरा तयार होतो. संदेश गोल गोल फिरत राहतात, सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकतात आणि साऱ्या कार्यालयाचं जाळं ठप्प होतं. अशा वेळी एकेक तार काढत जा. योग्य तार निघाली की दिवे लगेच शांत होतात.

तार, ऊन आणि दगडी भिंती

संगणकाच्या मागे आणि स्विचवर, दोन्हीकडे दिवा लागलेला हवा. नसेल तर चालत असलेल्या शेजारच्या संगणकाची तार इथे लावून बघा, मग स्विचची जागा बदलून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने चालू झालं ते कळणार नाही. तांब्याच्या इथरनेट तारेची मर्यादा १०० मीटर आहे. गोदामापर्यंत नेलेली तार त्याहून लांब असेल तर ती कधी चालेल, कधी नाही. स्वस्त तारेत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, ते वाकवताना तुटतं. गिगाबिट वेगाला तारेतल्या चारही जोड्या लागतात आणि १०० मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे एखादी जोडी तुटली तर जोडणी पुष्कळदा पूर्ण न जाता वेग दहापट कमी होतो. ‘सर्व्हर फार हळू चालतो’ ही तक्रार एकाच टेबलावरून येत असेल तर त्या जोडणीचा वेग बघा. गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसला तर तारेच्या टोकाचा क्लिप नव्याने क्रिंप करून घ्या. धान्याच्या गोदामात उंदरांनी कुरतडलेली तार हीही नेहमीचीच गोष्ट आहे, तिथे तार पाइपातूनच न्या.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांपुढे जातो. बहुतेक छोट्या स्विचच्या माहितीपत्रकात मात्र आजूबाजूचं तापमान ४० अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं. आपण तो स्विच जिन्याखालच्या बंद कपाटात किंवा माळ्यावर ठेवतो, वर धुळीचा थर बसू देतो. दुपारी दोन ते पाच या वेळात तुटणारी आणि संध्याकाळी आपोआप सुरू होणारी जोडणी म्हणजे उष्णतेचाच संशय. म्हणूनच बिघाडाची वेळ वहीत लिहून ठेवायला मी आग्रहाने सांगतो. आठवडाभराच्या वेळा एकाखाली एक वाचल्या की पुष्कळ गोष्टी उमगतात. स्विच उघड्यावर, हवेशीर जागी आणा. दर महिन्याला धूळ झटका.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत ज्यांची कार्यालयं आहेत त्यांच्यासाठी अजून एक गोष्ट. त्या जाड दगडी भिंतींतून वाय-फायची पाच गिगाहर्ट्झची लहर फारशी पार होत नाही, २.४ची थोडी बरी, पण बाजारपेठेत तिच्यावर शेजारच्या प्रत्येक दुकानाची गर्दी असते. पावती आणि हिशेब जिथे चालतात त्या संगणकांना तारच द्या. वाय-फाय मोबाइलसाठी ठेवा. आणि रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत जाळं न्यायचं असेल तर गच्चीवरून तांब्याची तार टाकू नका. पावसाळ्यात जवळपास वीज पडली तर तारेतून आलेला झटका दोन्हीकडचे स्विच जाळू शकतो. ऑप्टिकल फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर यांचा खर्च एका जळालेल्या सर्व्हरपुढे काहीच नाही.

१६९.२५४ दिसलं तर

तार ठीक असेल तर अडलेल्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवा. आयपीव्ही४ पत्ता आणि डीफॉल्ट गेटवे या दोन ओळी शेजारच्या चालू संगणकाशी ताडून बघा.

पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ स्पष्ट आहे: संगणकाने जाळ्याकडे पत्ता मागितला, कोणीच दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेऊन टाकला. पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, छोट्या कार्यालयात राउटर करतो. आपल्याकडे हे सर्वांत जास्त घडतं ते वीज गेल्यानंतर. वीज येते, सगळे संगणक एकदम चालू होतात, राउटर अजून उठायचा असतो. विंडोज मधूनमधून पुन्हा मागणी करत राहतं, पण तेवढ्यात सगळे वैतागलेले असतात. ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ या आदेशाने नवा पत्ता मिळतो. कायमचा उपाय म्हणजे राउटर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर घेणं. सर्व्हरला महागडा यूपीएस आणि स्विचला भिंतीतला प्लग, ही रचना मी जागोजागी पाहतो. मग वीज गेल्यावर सर्व्हर चालू राहूनही उपयोग नसतो. चालू करण्याचा क्रमही ठरवा: राउटर, स्विच, सर्व्हर, आणि शेवटी बाकीचे. व्यवस्थापन करता येणारा मोठा स्विच असेल तर तार लावल्यावर तो फेरा टाळण्याच्या तपासणीत सुमारे ३० सेकंद घालवतो. टेबलांकडे जाणाऱ्या जागांवर हे थांबणं टाळणारी ‘पोर्टफास्ट’ ही सोय सुरू करून घ्यावी.

पत्ता मिळाला आहे पण मालिकाच वेगळी आहे, उदाहरणार्थ बाकीच्यांचा १९२.१६८.१ने सुरू होतो आणि याचा १९२.१६८.०ने, तर कार्यालयात दुसरा राउटर पत्ते वाटतो आहे. वाय-फाय पोहोचत नाही म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणून लावलेला असतो. तो शोधा आणि ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवा. ते जमत नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा.

याहून चकवणारी गोष्ट म्हणजे दोघांचा पत्ता एकच असणं. सर्व्हर कधी सापडतो, कधी नाही. एका टेबलावर चालतो, दुसऱ्यावर नाही. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बसवणाऱ्याने त्याला हाताने नेमका सर्व्हरचाच पत्ता दिलेला असतो. ओळखायची रीत सोपी आहे. अडलेल्या संगणकावरून सर्व्हरला पिंग करून लगेच ‘एआरपी -ए’ चालवा. सर्व्हरच्या पत्त्यासमोर जो फिजिकल ॲड्रेस दिसेल तो सर्व्हरवर दिसणाऱ्या फिजिकल ॲड्रेसशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर तुम्ही दुसऱ्याच यंत्राशी बोलत आहात. सर्व्हर, प्रिंटर आणि रेकॉर्डर यांचे पत्ते राउटरमध्ये राखून ठेवा आणि ती यादी कागदावर लिहून राउटरजवळच चिकटवा.

पिंगचं उत्तर नीट वाचा

पिंग सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचं उत्तर ‘आलं’ किंवा ‘नाही आलं’ एवढंच वाचलं जातं. अमेरिकेच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये, जाळ्याच्या एका न उलगडणाऱ्या वागण्याचा माग काढताना, हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. चाळीस वर्षांनंतरही पहिली तपासणी त्यानेच होते, कारण तो नकारसुद्धा वेगवेगळ्या शब्दांत देतो.

सर्व्हरच्या नावाने पिंग केल्यावर ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ आलं तर नावावरून पत्ता सापडत नाही. लगेच आकडी पत्त्याने पिंग करा. आकड्याने उत्तर आलं तर यंत्रं, तारा सगळं ठीक आहे, फक्त नावाचा प्रश्न आहे. डोमेन असलेल्या कार्यालयात याचं एक कारण वारंवार सापडतं: इंटरनेट वेगाने चालावं म्हणून कोणीतरी संगणकाच्या डीएनएसच्या जागी ८.८.८.८ टाकलेलं असतं. बाहेरच्या डीएनएसला तुमच्या आतल्या सर्व्हरचं नाव कसं माहीत असणार? तिथे डोमेन सर्व्हरचाच पत्ता हवा.

‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आणि तेही स्वतःच्याच पत्त्यावरून, म्हणजे आपल्या संगणकाने आतल्या जाळ्यात त्या पत्त्याचा पुकारा केला आणि कोणीच ओ दिली नाही. सर्व्हर बंद आहे, झोपला आहे, त्याची तार सुटली आहे किंवा त्याचा पत्ता बदलला आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ मात्र वेगळं. सर्व्हर याच जाळ्यात असेल तर यंत्र बहुधा जिवंत आहे, पण पिंगला उत्तर देत नाही. विंडोजची फायरवॉल जाळं ‘पब्लिक’ समजत असेल तेव्हा पिंगला गप्प राहते. म्हणून पिंगला उत्तर नाही, सबब सर्व्हर बंद, हा निष्कर्ष काढू नका. वरचा एआरपीचा आदेश चालवा, फिजिकल ॲड्रेस दिसला तर सर्व्हर जागा आहे.

उत्तरं येतात पण मधलीच गळतात, किंवा एक मिलिसेकंदाऐवजी शेकड्यांनी वेळ लागतो, तर पुन्हा तार आणि वाय-फायकडे जा. ‘पिंग -टी’ चालू ठेवून तार हलवून बघा.

पोर्ट आणि फायरवॉल

पिंग होतं तरी सॉफ्टवेअर जोडलं जात नाही, इथे बहुतेक जण हताश होतात. पत्ता म्हणजे लष्कर भागातला एखादा वाडा धरला, तर पोर्ट म्हणजे त्यातली खोली. वाड्याचा दरवाजा उघडा असून तुम्हाला हवी ती खोली बंद असू शकते. फाइल शेअरिंग ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं, एसक्यूएल सर्व्हर ठरावीकपणे १४३३वर, मायएसक्यूएल ३३०६वर, पोस्टग्रेस ५४३२वर, रिमोट डेस्कटॉप ३३८९वर. पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ लिहून पुढे सर्व्हरचा पत्ता, मग ‘-पोर्ट’ आणि क्रमांक द्या. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर जाळ्याचं काम संपलं. आता दोष सॉफ्टवेअरमध्ये किंवा खात्यात. ‘फॉल्स’ आलं तर सर्व्हरवर जाऊन ‘नेटस्टॅट -एएनओ’ चालवा आणि तो क्रमांक ‘लिसनिंग’ दिसतो का बघा.

दिसतच नसेल तर प्रोग्रामची सेवा बंद आहे. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती सुरू करा. दिसतो पण १२७.०.०.१ या पत्त्यासमोर, तर प्रोग्राम फक्त स्वतःच्याच यंत्राचं ऐकतो आहे. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसच्या बाबतीत ही सेटिंग पुष्कळदा सुरुवातीपासूनच अशी असते. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये तर टीसीपी/आयपी मुळात बंदच असतं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून ते सुरू करावं लागतं. त्याची नावाने ओळखली जाणारी प्रत दर वेळी वेगळं पोर्ट घेऊ शकते, ते शोधून देण्यासाठी एसक्यूएल ब्राउझर ही सेवा आणि यूडीपी १४३४ उघडं लागतं. सर्व्हरवर सगळं चालतं आणि बाहेरून काहीच नाही, या कोड्याचं उत्तर बहुधा इथेच असतं.

प्रोग्राम ऐकतो आहे, तरी बाहेरून ‘फॉल्स’, तर मधे फायरवॉल आहे. या टप्प्यावर माझी कळकळीची विनंती: फायरवॉल बंद करून चाललं म्हणून ती तशीच सोडू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला तो फाइल शेअरिंगच्या जुन्या आवृत्तीतल्या फटीतून. मायक्रोसॉफ्टने ती फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच दिलं होतं. एका संगणकावर शिरलेलं असलं काही, फायरवॉल नसलेल्या सर्व्हरवर काही क्षणांत पोहोचतं. निदानापुरती मिनिटभर बंद करून बघा, लगेच चालू करा आणि फक्त तुमच्या सॉफ्टवेअरच्या पोर्टला, फक्त आतल्या पत्त्यांसाठी वाट देणारा नियम लिहा.

त्याआधी एक तपासा, कारण राउटर बदलल्यानंतर हे हमखास घडतं. विंडोज गेटवेवरून जाळं ओळखतं. राउटर नवा आला की त्याला वाटतं आपण परक्या जागी आलो, आणि सर्व्हरचं जाळं ‘पब्लिक’ ठरून शेअरिंग झाकलं जातं. सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करा. कित्येकदा एवढ्यावरच काम भागतं.

दार उघडं, तरी प्रवेश नाही

‘ॲक्सेस इज डिनाइड’ किंवा पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश आला तर आनंद माना. जाळं पूर्णपणे ठीक आहे, प्रश्न ओळखीचा आहे. सर्व्हरवरच्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नसेल तर विंडोज त्या खात्याने जाळ्यावरून आत येऊ देत नाही. पासवर्ड बदलला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठलेला जुना काढून टाका. १२१९ क्रमांकाची चूक म्हणजे त्याच सर्व्हरशी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडायचा प्रयत्न. ‘नेट यूज’ने जुनी जोडणी काढून पुन्हा जोडा.

सध्या सर्वांत जास्त फोन येतात ते नव्या विंडोजमुळे. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि अनेकांनी ११ घेतलं. त्याच्या २४एच२ आवृत्तीच्या प्रो प्रकारात फाइल शेअरिंगला डिजिटल सही सक्तीची झाली आहे आणि पासवर्डाविना पाहुणा म्हणून शिरण्याची सोय बंद आहे. कपाटावरची जुनी नेटवर्क डिस्क त्यामुळे एका सकाळी दिसेनाशी होते. इंटरनेटवर ही सक्ती उठवण्याचे उपाय सापडतील. ते करण्यापेक्षा डिस्कचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि प्रत्येकाला नाव-पासवर्ड द्या. तिला एसएमबी-१ या फाइल शेअरिंगच्या जुन्या आवृत्तीशिवाय दुसरं काही येतच नसेल तर ती बदलायची वेळ झाली आहे.

डोमेन असेल तर घड्याळही बघा. सर्व्हर आणि संगणक यांच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की ओळख पटवणारी केर्बरॉस पद्धत नकार देते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपली की प्रत्येक वेळी वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि त्या टेबलावरचा माणूस पासवर्ड तपासत बसतो.

तुमचा ‘सर्व्हर’ म्हणजे खरं तर विंडोज १० किंवा ११ असलेला साधा संगणकच असेल, तर दोन मर्यादा लक्षात ठेवा. एका वेळी वीसच जोडण्या तो घेतो. एकविसाव्याला ‘नो मोअर कनेक्शन्स’ असं उत्तर मिळतं. आणि त्याची झोप बंद केलेली असावी लागते. जेवणाच्या सुट्टीनंतर सर्व्हर सापडत नाही या तक्रारीचं कारण पॉवर सेटिंगमध्ये असतं. डिस्क भरली आहे का हेही बघा. एसक्यूएल एक्सप्रेसच्या २०२२पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, ती गाठली की वाचता येतं पण नवी नोंद होत नाही.

मेळ्यातल्या स्टॉलवरून

१९०५पासून भरणाऱ्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात स्टॉल लावणारे बरेच जण शोरूमच्या सर्व्हरला तिथून जोडायला बघतात. यासाठी राउटरवर ३३८९ किंवा ४४५ हे पोर्ट इंटरनेटला उघडून देणं म्हणजे चोराला निमंत्रण आहे. दिवसरात्र अशी पोर्टं शोधत फिरणारे प्रोग्राम असतात. व्हीपीएन वापरा. व्हीपीएन जोडला गेला, तरी सर्व्हर मिळत नाही असं झालं तर दोन्हीकडची मालिका बघा. स्टॉलचा राउटर आणि शोरूमचा राउटर दोघंही १९२.१६८.१ वापरत असतील, तर संगणक सर्व्हरला स्टॉलमध्येच शोधतो. कार्यालयाची मालिका आधीच १०.४७.२० अशी सहसा कोणी न वापरणारी करून घ्या. मेळा सुरू व्हायच्या महिनाभर आधी. उद्घाटनाच्या आदल्या रात्री हे करू नये.

एवढं करूनही अडलंच तर तंत्रज्ञाला फोन करताना ‘सर्व्हर डाउन आहे’ असं सांगू नका. किती संगणकांना, केव्हापासून, पडद्यावरचा संदेश अक्षरशः काय, पत्ता कोणता मिळाला, पिंग नावाने आणि आकड्याने काय म्हणतं, पोर्ट ट्रू की फॉल्स, आणि काल काय बदललं, हे सांगा. संदेशाचा फोटो काढून पाठवा. त्याने दुरून काम करण्यासाठी तुमच्या संगणकावर एखादं रिमोट ॲप टाकायला सांगितलं, तर काम संपेपर्यंत स्वतः समोर बसा, नंतर ते ॲप काढून टाका आणि त्याला सांगितलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला.